पदवी सोडून जपानला जाऊ का? एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीची एक मुलगी पुण्यात बी.ए. जपानीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन४ पातळी झाली आहे (एन५ सगळ्यांत सोपी, एन१ सगळ्यांत अवघड). एका एजंटाचा सल्ला असा, की पदवीत वेळ घालवू नकोस, येत्या एप्रिलपासून दोन वर्षांसाठी टोकियोच्या भाषाशाळेत जा. खर्च कर्ज काढून, आणि ते कर्ज ‘तिथं पार्टटाइम करून आरामात फिटतं’. तिला जपानी रंगभूमीचं वेड आहे, चहाचा विधी शिकायचा आहे, ती शाकाहारी आहे आणि वडील काळजीत आहेत. जावं का, कधी, आणि कुठं?

मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते आणि चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत दुभाषी म्हणून उभी राहते. विद्यार्थिनी म्हणून जपानमध्ये राहिले आहे, आणि माझे विद्यार्थी दरवर्षी वेगवेगळ्या वाटांनी तिकडे जातात. त्यामुळं सरळच सांगते: जरूर जा, पण पदवी सोडून जाऊ नकोस.

याचं कारण भावनिक नाही, व्हिसाचं आहे. जपानमध्ये दुभाषी, अनुवादक, कंपनीत कर्मचारी अशा नोकऱ्यांसाठी जो कामाचा परवाना लागतो, त्याला तिथली मंडळी तोंडी ‘गिजिनकोकु’ म्हणतात. तो मिळायला विद्यापीठाची पदवी लागते, किंवा जपानमधल्या व्यवसायशाळेचा, म्हणजे ‘सेम्मोन गाक्को’चा डिप्लोमा, नाहीतर मग बऱ्याच वर्षांचा कामाचा अनुभव. भाषाशाळेचं प्रमाणपत्र यातल्या कशातच मोडत नाही. भाषाशाळेत प्रवेश मिळायला बारावी पुरते, म्हणून एजंट तुला पाठवू शकतो. पण दोन वर्षं संपली की तुझ्यापुढं काय उरतं ते बघ. भाषाशाळेसाठी विद्यार्थी व्हिसा साधारण दोन वर्षांपर्यंतच मिळतो. त्यानंतर सेम्मोन गाक्कोत आणखी दोन वर्षं आणि पुन्हा लाखो येनची फी, किंवा परत येणं, किंवा ‘तोकुतेई गिनो’, म्हणजे शुश्रूषा, उपाहारगृहं, शेती अशा ठरावीक क्षेत्रांतला कामगार परवाना. त्या परवान्याला क्षेत्राची कौशल्य चाचणी आणि एन४ एवढी भाषा लागते. एन४ तर तुझ्याकडे आजच आहे! ते काम कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही, तिथं चांगलं कमावणारी मुलं मला माहीत आहेत. पण ज्या दारातून तू आत्ता जाऊ शकतेस, त्याच दाराशी दोन वर्षं आणि बावीस ते अठ्ठावीस लाख रुपये खर्चून पोचायचं, हा हिशेब एजंटाने तुला मांडून दाखवला नसणार.

आता तुझ्यापाशी असलेली आणि बहुधा कुणी न सांगितलेली गोष्ट. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची एक शिष्यवृत्ती खास तुझ्यासारख्यांसाठी आहे. तिला बोलताना ‘निक्केनसेई’ म्हणतात. परदेशातल्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृतीत पदवी करणाऱ्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुमारे एक वर्ष जपानी विद्यापीठात शिकायला नेतात. फी नाही, विमानभाडं सरकार देतं, वर गेली बरीच वर्षं महिन्याला १ लाख १७ हजार येन हातात मिळतात. वय अठरा ते तिशीच्या आत. तीत एक अट आहे आणि तिनेच दरवर्षी चांगली मुलं बाद होतात: जाताना तर तू पदवीची विद्यार्थिनी असायलाच हवीस, आणि परत आल्यावरही पदवी पूर्ण व्हायची बाकी हवी. तीन वर्षांच्या बी.ए.ची मुलं शेवटच्या वर्षाला जागी होतात, तोवर वेळ गेलेली असते. चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडला असेल तर तिसऱ्या वर्षी अर्ज करूनही चालू शकतं. तू दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे नेमक्या जागी उभी आहेस. अर्ज दूतावासामार्फत वर्षाच्या सुरुवातीला मागवतात, लेखी परीक्षा असते, मुलाखत असते. जागा मोजक्या असतात, त्यामुळं ‘मिळेलच’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. पण अर्ज न करणं हा मात्र शुद्ध आळस ठरेल.

दुसरी वाट विद्यापीठांमधल्या कराराची. तुझ्या विभागाचा कोणत्या जपानी विद्यापीठांशी विनिमयाचा करार आहे हे विभागात जाऊन विचार. संकेतस्थळावर सगळं नसतं. अशा करारात साधारणपणे फी इथल्याच विद्यापीठात भरायची असते, तिथली माफ होते. राहण्या-जेवणाचा खर्च आपला, पण यजमान विद्यापीठाकडे जास्सो या सरकारी संस्थेची महिना ८० हजार येनची मदत असू शकते. ती विद्यार्थ्याने थेट मागायची नसते, विद्यापीठ नावं सुचवतं. म्हणून निवड झाली की पहिल्याच पत्रात नम्रपणे विचारावं. करार सहा महिन्यांचा असेल तरी जा. फक्त इथं एक गोष्ट आधी लेखी घे: वर्षभर गैरहजर राहिलीस तर तुझं नाव पटावर राहतं का, तिथले गुण इथं धरले जातात का, आणि परत आल्यावर अभ्यासक्रम बदललेला असेल तर कोणत्या नियमाने परीक्षा द्यायची. कार्यालयातला तोंडी ‘हो हो, होतं’ पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

भाषाशाळेला मी नावं ठेवते आहे असं वाटेल, तसं नाही. पदवी हातात असेल आणि एन३ झालं असेल तर चांगली भाषाशाळा एक-दीड वर्षात एन२च्या पुढं नेऊ शकते, आणि मग गिजिनकोकुचं दार खरोखर उघडं असतं. आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांचे वीस तास, वर्षाला किमान ७६० तास अशी तिथल्या शाळांची चौकट असते. प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी असे चार, पण मुख्य एप्रिल आणि ऑक्टोबर. एप्रिलसाठी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कागद पोचावे लागतात. त्यानंतर शाळाच तुझ्या वतीने इमिग्रेशनकडे सीओईसाठी, म्हणजे पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. हे नीट लक्षात घे, कारण एजंट इथंच धूळ उडवतो. अर्ज शाळेचा, निर्णय इमिग्रेशनचा, आणि व्हिसाचा शिक्का दूतावासाचा. मधे एजंटाच्या हातात फक्त कागद गोळा करणं असतं, आणि पुष्कळदा त्याचं कमिशन शाळाच देते. एप्रिल २०२४पासून जपानमध्ये भाषाशाळांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. शाळांना शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते आणि शिक्षकांसाठी राष्ट्रीय नोंदणी आली आहे. जुन्या शाळांना बदलायला पाच वर्षांची मुदत आहे, म्हणून सध्या दोन्ही प्रकारच्या शाळा दिसतील. मान्यताप्राप्त शाळांची यादी सरकार जाहीर करतं. एजंटाने सुचवलेली शाळा त्या यादीत शोध, आणि नसेल तर शाळेलाच विचार की अर्ज कधी करणार.

आता ‘पार्टटाइम करून फिटतं’ याकडे येऊ. आकडे मांडून बघ. भाषाशाळेची वर्षाची फी साधारण ७ ते ९ लाख येन. टोकियोत काटकसरीने राहायला महिना लाख-सव्वा लाख येन लागतात, म्हणजे वर्षाचे १२ ते १५ लाख. येनचा भाव ५५ ते ६० पैशांच्या घरात धरला तर वर्षाला अकरा ते चौदा लाख रुपये होतात. विद्यार्थ्याला परवाना काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५पासून तासाला १,२२६ येन आहे. म्हणजे पूर्ण २८ तास, एकही आठवडा न चुकवता, चार आठवड्यांचे १ लाख ३७ हजार येन. कागदावर राहण्याचा खर्च निघतो, फी मात्र निघत नाही, मग कर्जाचा हप्ता कुठून? शिवाय पहिले दोन-तीन महिने काम मिळत नाही, एन४वाल्याला मिळतं ते बहुधा रात्रपाळीचं, आणि रात्रपाळी करून सकाळी नऊच्या तासाला डोळे उघडे राहत नाहीत. उपस्थिती घसरली की व्हिसा वाढवताना अडचण. मग मुलं दुसरीकडे गुपचूप २८ तासांच्या वर काम करतात. करपावत्यांतून ते उघड होतं आणि नूतनीकरण नाकारलं जातं. कर्जाच्या ओझ्याखाली हुशार मुलं या चक्रात अडकलेली मी पाहिली आहेत. त्यांची भाषा दोन वर्षांनी एन३च्या आसपासच असते. म्हणून माझा नियम कडक आहे: पहिल्या वर्षाची फी आणि निदान सहा महिन्यांचा राहण्याचा खर्च कर्जाबाहेरचा असेल तरच भाषाशाळा.

पण काम, तिकडच्या भाषेत ‘बाइतो’, करूच नये असंही नाही. भाषा तिथंच पक्की होते, फक्त काम कोणतं ते बघून घ्यावं. डबे भरण्याच्या कारखान्यात चार तास एक शब्द बोलावा लागत नाही आणि शेजारी बहुधा आपलेच नेपाळी-व्हिएतनामी मित्र असतात. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, ठरावीक आदरार्थी वाक्यं इतकी तोंडात बसतात की स्वप्नात येतात, पण त्यापलीकडं गाडी जात नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे छोटं, घरचं चालवलेलं खाणावळीवजा दुकान, जिथं ठरलेली गिऱ्हाइकं येतात, मालकीणबाई चुका सुधारतात आणि दुपारी गर्दी ओसरली की गप्पा मारतात. तासाला पन्नास येन कमी मिळाले तरी तेच घे.

खरं तर शाकाहारी, संस्कृतीची ओढ असलेल्या मुलीला विद्यापीठाचीच वाट मी का सुचवते, त्याचं एक कारण शिष्यवृत्तीहून मोठं आहे, ते म्हणजे विद्यार्थ्यांची मंडळं. जपानी विद्यापीठात चहाचं, सुलेखनाचं, धनुर्विद्येचं, कुठं कुठं नोहचं, म्हणजे मुखवटे घालून करायच्या जुन्या गायन-नृत्य नाटकाचंही मंडळ असतं, आणि विनिमयाच्या विद्यार्थ्याला त्यात येऊ देतात. आठवड्यातून दोन-तीनदा जमायचं, गुडघ्यांवर बसायचं, आधी झाडलोट करायची. तिथं सेनपाई असतात, म्हणजे आपल्या आधी आलेले, आणि कोहाई असतात, म्हणजे मागून आलेले. तुझ्याहून वयानं लहान असलेली सेकंड इयरची मुलगी तुझी सेनपाई असेल, तिच्याशी तू कोणत्या क्रियापदांत बोलायचं आणि ती तुझ्याशी कोणत्या, हे पुस्तकातल्या आदरार्थीच्या तक्त्याने कधीच कळत नाही. भाषाशाळेत हे नसतं. तिथं सगळे परदेशी. सांस्कृतिक उपक्रम म्हणजे एका दिवशी युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसून फोटो काढायचे आणि माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, प्यायचा.

चहा गंभीरपणे शिकायचा असेल तर क्योटोत उरासेनके घराण्याचा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘मिदोरिकाई’ नावाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. ती मात्र पदवीनंतरची गोष्ट, आधी एखाद्या गुरूकडे आठवड्याच्या शिकवणीला जाऊन आपल्याला हे झेपतं का, गुडघे साथ देतात का, ते पाहावं.

नाटकाबद्दल तर तासभर बोलेन. तू ‘काबुकी बघायची’, म्हणजे भडक रंगभूषेचं ते लोकप्रिय जुनं नाटक, एवढंच लिहिलं आहेस, मी तुला क्योगेनपासून सुरुवात कर म्हणेन. नोहच्या दोन नाटकांच्या मधल्या वेळात होणारी ही छोटी प्रहसनं, त्यांत मालकाला गंडवणारा नोकर तारोकाजा. गोष्ट पंधरा-वीस मिनिटांत कळते आणि हसू येतं. भाषा जुनी असली तरी उच्चार स्वच्छ असतात. टोकियोत सेंदागायाला १९८३मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय नोह नाट्यगृह आहे, तिथं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर जपानी-इंग्रजी उपशीर्षकं दिसतात. जपानी उपशीर्षकं लाव, इंग्रजी नको. काबुकीसाठी गिंझाच्या काबुकी-झामध्ये एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं, वरच्या मजल्यावरून बघायचं. पूर्ण प्रयोग चार-चार तास चालतो आणि सुरुवातीला तो झेपत नाही. हातांनी चालवायच्या बाहुल्यांचं बुनराकू मात्र ओसाकाचं. निप्पोनबाशीला त्याचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे, रंगमंचाच्या वर गाण्याचे शब्द दिसतात. संगीत नाटक ऐकत वाढलेल्या माणसाला तायूच्या, म्हणजे कथा गाणाऱ्या निवेदकाच्या आवाजाशी लगेच नातं जुळतं. टोकियोचं राष्ट्रीय नाट्यगृह २०२३च्या ऑक्टोबरअखेर पुनर्बांधणीसाठी बंद झालं आहे, जुन्या पुस्तिकांत त्याचा पत्ता दिसला तर फसू नकोस. आणि नुसतं बघण्यात अडकू नकोस. नोहचे अनेक व्यावसायिक कलाकार हौशी शिष्यांना गायन आणि छोटे नृत्यखंड शिकवतात, विद्यापीठाच्या मंडळांनाही तेच शिकवायला येतात.

जाता जाता: आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव म्हणजे आपला गणपतीच, जपानी रूपातला, आणि त्याला मुळा वाहतात. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. शिंगोन या बौद्ध पंथाच्या स्मशानांत लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं दिसतील, आणि आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा त्यांच्या वर्णमालेचा क्रमही संस्कृत ध्वनिशास्त्राच्या अभ्यासातून आलेला. परदेशी म्हणून गेलेल्या माणसाला असा ओळखीचा धागा सापडला की धीर येतो. फक्त तेवढ्यावरून ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं तिथल्या प्राध्यापकांसमोर म्हणू नये, एवढी विनंती.

जाण्याआधी एन३ करून जा, हा माझा दुसरा हट्ट. लोकांना वाटतं, तिथं गेलं की आपोआप येतं. ऐकणं-बोलणं बरंच आपोआप येतं, व्याकरण येत नाही. आणि व्याकरण मराठी माणसाने मराठीतूनच शिकावं, कारण आपल्याला ते जवळजवळ फुकट मिळतं. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, ‘करून बघ’, ‘करून ठेव’, ‘करून टाक’ अशा जोडक्रियापदांची रचना जपानीत तशीच्या तशी आहे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात ज्यावर दोन पानं खर्च होतात, ते तुला एका ओळीत कळतं. त्सुनामीतला ‘त्स’ आपल्या चमच्यातल्या ‘च’मध्ये आहेच. आपली दुखरी जागा म्हणजे दीर्घ स्वर आणि द्वित्त. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करत नाही, तिथं मात्र ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईला आजी म्हणून बघ काय होतं ते.

कांजी हे दुसरं कारण. तिथल्या भाषाशाळेत वर्गात चिनी मुलं असली की त्यांना अक्षरं आधीच येतात, शिक्षक त्याच वेगानं पुढं जातात आणि भारत, नेपाळ, श्रीलंकेची मुलं मागं पडतात. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत. त्यातल्या निदान सहा-सातशे इथूनच हातात बसवून गेलीस तर वर्तमानपत्राची शीर्षकं कळू लागतील आणि शियाकुशोतले, म्हणजे नगरपालिकेतले, अर्ज भरता येतील. आणि जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, हेही विसरू नकोस. एन२चं प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आलेले, पण कारखान्यातल्या सकाळच्या बैठकीत तोंड न उघडणारे कितीतरी. दुभाष्याला शब्दांइतकंच न बोललेलं ऐकावं लागतं: समोरच्या साहेबांनी मान तिरकी करून दातांतून श्वास आत ओढला, की गाडी अडली आहे हे तुला कळलं पाहिजे. त्यासाठी जपानमध्ये राहायलाच हवं, आणि तिथं घालवायचा वेळ यासाठी जपून ठेवावा. क्रियापदाचं ‘ते’ रूप (आपल्या ‘करून’सारखं) कसं करायचं हे शिकायला येन खर्चू नयेत.

शहर कोणतं? टोकियो बाय डिफॉल्ट निवडू नकोस. निक्केनसेईच्या यादीत देशभरची विद्यापीठं असतात आणि पसंतीक्रम द्यायचा असतो. नाटक आणि चहा हेच तुझं वेड असेल तर मी कानसाई म्हणेन: क्योटो, ओसाका. ओसाका विद्यापीठाचं जपानी भाषा आणि संस्कृतीचं केंद्र या शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं घेत आलं आहे. बोली वेगळी पडेल. पुस्तकी मराठी शिकून मालवणात उतरल्यासारखं वाटेल पहिले दोन महिने. पण लोक बोलके असतात, बसस्टॉपवरची आजी स्वतःहून विचारपूस करते, आणि वर्गात सगळे प्रमाण भाषाच शिकवतात, त्यामुळं नुकसान काही नाही. खर्च कमी हवा असेल तर ओकायामा, कानाझावा, मात्सुयामा, फुकुओका. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनवरून बेतलं, ते ओकायामाचंच. छोट्या शहरांत भाडं टोकियोच्या निम्म्यावरही येतं आणि इंग्रजी बोलून वेळ मारून नेता येत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की भारतीय किराणा आणि बाइतोचे पर्याय कमी. बहुतेक शहरांत कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीतल्या सार्वजनिक केंद्रात, किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेत स्वयंसेवक फुकट किंवा नाममात्र पैशांत जपानी शिकवतात. निवृत्त झालेले आजी-आजोबा असतात, वेळच वेळ असतो. पोचल्याच्या पहिल्या महिन्यात तिथं नाव घाल.

शाकाहाराचं खरं सांगते. भाजीच दिसणाऱ्या पदार्थातही दाशी असतं, म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी: मिसो सूप, उदोन नावाच्या जाड शेवयांचा रस्सा, उकडलेला भोपळासुद्धा. ‘मी मांस खात नाही’ म्हटलं की पुढ्यात मासा येतो. देवळांतलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं, पण ते रोज परवडत नाही. तेव्हा स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह माग, नुसतं मेसचं नको. प्रेशर कुकर, मसाले, हिंग घरून ने. तूरडाळ टोकियोत शिन-ओकुबो किंवा निशि-कासाईला आणि इतरत्र ऑनलाइन मिळते. दाशीपुरती सवलत स्वतःला द्यायची का, हे इथंच बसून ठरव, तिथं भुकेल्या पोटी नको. दोन्ही उत्तरं चालतात. यजमान कुटुंबात राहायचं असेल तर अर्जात अगदी बारकाईनं लिही, नाहीतर त्या बिचाऱ्या बाई तुझ्यासाठी रांधतील आणि तू नुसता भात खाशील. दोघींनाही ते लागतं.

कागदपत्रांचं पटकन: विमानतळावर झायर्यू कार्ड, म्हणजे तिथं राहण्याचं ओळखपत्र, मिळतं, कामाचा परवानाही तिथंच मागता येतो. घर मिळाल्यापासून चौदा दिवसांत शियाकुशोत पत्ता नोंदवायचा. राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो, मग डॉक्टरच्या बिलातले तीस टक्के आपण भरायचे. वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनची नोंदणीही येते. तिथंच सवलतीचा अर्ज भरून टाक, नाहीतर घरी बिलं येत राहतील. खोली भाड्याने घेताना हमीदार लागतो, विद्यापीठाच्या वसतिगृहात तो प्रश्न येत नाही.

वडिलांना सांग, रात्री एकटीनं ट्रेननं परतणं ही तिथं रोजची बाब आहे, काळजी करायचीच तर भूकंपाची आणि एकटेपणाची करावी. भूकंपासाठी कवायती असतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या एकटेपणासाठी माणसं लागतात. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, इतकी आपली माणसं तिथं रुजली आहेत. तरी माझा सल्ला असा, की मंडळात सणाला जा, राहायला मात्र मराठी मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये जाऊ नकोस. स्वस्त पडतं, सोपं पडतं, आणि वर्षअखेर तुमची मराठी फार छान झालेली असते.

एजंटाला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट त्याच्याकडे असतील तर याच आठवड्यात परत आण. पुढं कधी भाषाशाळेत गेलीसच, तर अर्जाच्या वेळी निवडीचं छोटं शुल्क शाळा घेते, वर्षाची फी साधारण सीओईचा निकाल आल्यावर आणि थेट शाळेच्या खात्यात भरायची असते. कुणी आधीच रोख मागत असेल तर तिथंच थांब.

सोमवारी विभागात जाऊन दोन प्रश्न विचार: वर्षभराची रजा लेखी मिळते का, आणि निक्केनसेईसाठी शिफारसपत्र कोण देतं. त्या परीक्षेचे जुने पेपर जपान सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एक पेपर घड्याळ लावून, शब्दकोश न उघडता सोडव. किती गुण पडतात ते मला कळव, म्हणजे एन३ जुलैला द्यायची की डिसेंबरला ते ठरवू. एन३चे अर्ज परीक्षेच्या तीन-चार महिने आधी भरून घेतात आणि पुण्यातल्या जागा लवकर भरतात.